सावल्या बंद, रस्ता चालू

सावल्या : बंद

सगळ्यात आधी सावल्या गेल्या. देर्लिसने स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन त्या काढून टाकल्या, आणि अडखळणारा ट्रक पुन्हा नीट चालायला लागला. झाडं होती, पूल होते, पेट्रोलपंप होते, पण कशाचीच सावली जमिनीवर पडत नव्हती. देर्लिसला त्याचं फारसं काही वाटलं नाही. एर्नान्दारियासमध्ये जानेवारीच्या भर उन्हाळ्यात रस्ता ओलांडायचा तर माणूस विजेच्या खांबाची सावलीसुद्धा सोडत नाही. खेळातल्या सावल्यांचं त्याला काय कौतुक.

मग नदीतली प्रतिबिंबं गेली. मग गवत गेलं. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जुनं होतं, आणि दर वेळी नवी आवृत्ती आली की खेळ त्याच्याकडे थोडं जास्त मागायचा. देर्लिस म्हणायचा, थोडं कमी दाखव. असं त्या दोघांचं बरीच वर्षं जमून गेलं होतं.

एका रविवारी खेळ उघडण्याआधी पडद्यावर चौकट आली. पुढच्या महिन्यापासून नवी आवृत्ती. रस्ते तेच, प्रकाश नवा. खाली कार्डांची नावं होती, आणि त्याच्या कार्डापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं की यावर खेळ उघडणार नाही. ज्यांना जुन्या आवृत्तीत राहायचं असेल त्यांनी खुशाल राहावं. मात्र जुन्यातला ट्रक आणि नव्यातला ट्रक एका रस्त्यावर भेटणार नाहीत.

त्याने चौकट बंद केली, हेडफोन चढवला आणि भावाची वाट बघत बसला.

आवाज : पूर्ण

भाऊ म्हणजे विल्फ्रिदो, थोरला. स्पेनमध्ये सारागोसाला फरश्या बसवतो. दोन वर्षांत परत येतो म्हणून गेला होता. ती दोन वर्षं कधीच संपली, पण 'येतो' हा शब्द अजून कोणी मागे घेतलेला नाही.

रविवारी इथे दुपारची झोप असते तेव्हा तिथे दिवेलागण होत असते. इथे खिडक्यांची दारं ओढलेली, कुत्रीसुद्धा गप्प. देर्लिसची बायको नोएलिया आतल्या खोलीत पंख्याखाली. तेवढ्या वेळात दोघे भाऊ एका थंड, बर्फाळ, निर्मनुष्य देशात एकामागे एक ट्रक चालवतात. खेळात जिंकायचं नसतं, हरायचं नसतं. ओंडके भरायचे, लांब कुठेतरी नेऊन उतरवायचे.

"मिताई, पुढे वळण आहे. हळू घे."

मिताई म्हणजे पोर. देर्लिस चाळिशीला आला तरी भावासाठी पोरच.

"दिसतंय मला."

"तुला काय दिसतंय? तुझ्याकडे झाडंपण नाहीत."

"झाडं आहेत. पानं नाहीत."

"मग ती झाडं नव्हेत रे. खांब झाले."

असं बोलता बोलता मधूनच एखादी गोष्ट निघायची. फरश्या बसवून विल्फ्रिदोचे गुडघे गेलेत, हे देर्लिसला एका चढणीवर कळलं. तो ज्या बाईबरोबर राहत होता ती निघून गेली, हे एका टोलनाक्यावर. आई गेली तेव्हा विल्फ्रिदोला येता आलं नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नव्हतं. कित्येक महिन्यांनी एका लांब बोगद्यात शिरल्यावर त्याने विचारलं, आईला शेवटी कुठला झगा घातला होता. देर्लिसने सांगितलं, फिक्या निळ्या फुलांचा. पुढे बोगदा संपला आणि विल्फ्रिदो म्हणाला, इंडिकेटर दे.

साथीदार : एक

त्यांचे वडील सोयाबीनचा ट्रक चालवायचे. सुट्टीत दोन्ही पोरं शेजारी बसायची, आणि तेरेरे ओतायचं काम धाकट्याचं. शिंगाच्या पेल्यात येर्बाची पत्ती ठासायची, धातूची नळी खोचायची, थर्मासमधलं बर्फाचं पाणी वर ओतायचं. पेला एकच, नळी एकच, ओतणारा एकच. तो क्रमाने एकेकाला देतो, प्यायलेला परत करतो, मग पुढच्याची पाळी. परत करताना कोणी काही बोलत नाही. बोललंच तर एकच शब्द, ग्रासियास. दुकानात त्याचा अर्थ 'आभारी आहे' होतो. तेरेरेच्या फेरीत होतो 'पुरे, आता मला नको'. त्यानंतर त्या माणसाकडे पेला जात नाही, आणि का नको असं विचारायची पद्धत नाही. एकदा गोदामातलं यंत्र दुरुस्त करायला आलेला एक जर्मन पहिल्याच पेल्याला तोंडभरून ग्रासियास म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत तसाच कोरडा बसला. वडिलांनी ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली.

खेळातही दोघांनी फेरी सोडली नव्हती. पेला याचा याच्याकडे, त्याचा त्याच्याकडे. पण देर्लिस स्वतः प्यायचा, नळीचा रिकामा सुरसुर आवाज माईकमध्ये ऐकवायचा आणि म्हणायचा, "घे, तुझी पाळी." मग तिकडून सुरसुर ऐकू यायची. सारागोसात येर्बा एका बोलिव्हियन बाईच्या दुकानात मिळते, महाग आणि जुनी. विल्फ्रिदो तिला गवत म्हणायचा.

"तुझ्याकडे गवत बंद आहे ना," तो म्हणायचा, "ते सगळं इकडे आलंय."

त्या रविवारी चौकटीबद्दल देर्लिसने काही विचारलं नाही. विल्फ्रिदोही काही बोलला नाही. त्याचं कार्डही जुनंच होतं. त्यालाही ती लाल अक्षरं दिसली असणार.

प्रकाश : मध्यम

देर्लिस थर्मासला चामड्याची वेष्टणं शिवतो. दुकान सिउदाद देल एस्ते शहरात, ब्राझीलकडून येणारा पूल संपतो तिथल्या बाजारात. गिऱ्हाईक क्लबाचं चिन्ह सांगतं, पोराचं नाव सांगतं, कोणी प्रेयसीचं सांगतं आणि दुसऱ्या खेपेला ते उसवायला घेऊन येतं. दोन गल्ल्या पलीकडे त्याचा शाळेतला मित्र ओस्मार कॉम्प्युटरचे भाग विकतो. त्याच्या काउंटरवर कायम ब्राझीलहून आलेल्यांची गर्दी. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत देर्लिस तिथे गेला.

"बोल पात्रोन, बोल मालक," ओस्मारने डबा पुढे सरकवला. त्यात चिपा होत्या, चीज घातलेल्या पावाच्या कड्या, सकाळच्या, दगड झालेल्या. "हे कार्ड नवंकोरं. हे घेतलंस तर दहा वर्षं माझं तोंड बघावं लागणार नाही. पण हे घ्यायचं म्हणजे पॉवर सप्लायपण बदलायला लागणार."

"आणि ते?"

"ते धरणाजवळच्या शेडमधलं." वीज स्वस्त म्हणून तिकडे लोकांनी शेड उभ्या केल्या होत्या. आत फळ्यांवर ओळीने कार्डं लावून त्यांच्याकडून डिजिटल नाण्यांची आकडेमोड करून घ्यायचे. आता त्यातल्या काही शेड बंद पडत होत्या आणि कार्डं बाजारात येत होती. "बिचाऱ्याने आयुष्यात एक खेळ पाहिलेला नाही. रात्रंदिवस नुसते हिशोब."

"म्हणजे निवृत्त झालंय."

"निवृत्त होऊन आता ट्रक चालवेल. पण भरवसा विचारू नकोस. वर्षभर चालेल, नाहीतर घरी नेऊन लावलंस की जीव सोडेल. अर्ध्या किमतीत इतकंच."

देर्लिसने ते हातात घेऊन पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर लाल मातीचा पातळ थर होता. इथली माती सगळ्यांवर बसते.

"नवंच दाखव पुन्हा," तो म्हणाला.

"बायकोला विचारलंस?"

देर्लिसने चिपाचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"ठेवतो बाजूला," ओस्मार म्हणाला. "सोमवारपर्यंत. पुढे माझ्याच्याने होणार नाही."

तापमान

नोएलिया दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात, त्यामुळे घरी ती आवाज चढवत नाही. वर्षअखेरचा जादा पगार दोघांनी हात न लावता ठेवला होता. झोपायच्या खोलीत एसी बसवायचा असं नोव्हेंबरातच ठरलं होतं.

"ठरलं म्हणजे तू म्हणालीस," देर्लिस म्हणाला.

"मी म्हणाले आणि तू मान हलवलीस. आपल्या घरात ठरणं म्हणजे तेच." ती मांडिओकाचा कंद सोलत होती. "कार्ड नाही घेतलं तर काय होईल?"

"विल नव्या आवृत्तीत गेला तर त्याच्याबरोबर खेळता येणार नाही."

"बरं. मग फोन कर त्याला."

"फोनवर काय बोलणार?"

"भावाशी बोलायला ट्रक लागतो तुला?"

टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. देर्लिसलाही नीट सांगता आलं नसतं. तिने सोललेला कंद पाण्यात टाकला.

"तुला इतकंच वाटत असेल तर घे," ती म्हणाली. "पण मग रात्री माझ्या उशीवर ओलं फडकं टाकायचं, ते तू उठून टाकायचं. रोज."

फोन : सावल्या, पाणी, गवत, सगळं चालू

"हॅलो."

"हां, मिताई. काय झालं?"

"काही नाही. सहज केला."

"सगळं बरं ना?"

"बरं आहे. तुझं?"

"बरं आहे. नोएलिया?"

"बरी आहे. थंडी आहे का?"

"आहे. तिकडे?"

"गरमी."

"असणारच."

"हो."

"बरं, कामावर आहे रे. फरशीला सिमेंट लावलंय, वाळेल."

"बरं, बरं. रविवारी."

"हां. रविवारी."

चित्र अगदी स्वच्छ होतं. विल्फ्रिदोच्या कपाळावरचा सिमेंटचा ठिपकासुद्धा दिसला. दोघे एकमेकांकडे बघत होते, आणि बघत होते म्हणूनच बहुधा काही बोलता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर देर्लिसने मनाशी ठरवून टाकलं. नवं कार्ड घ्यायचं, उशीवर फडकं टाकायचं, रोज. रविवारी विलला सांगायचं, की तूही घे, आणि तुला जड जात असेल तर ओस्मारकडून शेडमधलं एक पाठवतो.

दृष्टीचा पल्ला : कमी

रविवारी त्यांनी उत्तरेकडचा माल घेतला. देर्लिसने पल्ला इतका कमी करून ठेवला होता की डोंगर एकदम समोर उगवायचे, आधी काही नसायचं. विल्फ्रिदो पुढे होता. आठवडाभराचं काम सांगत होता. एका म्हातारीच्या न्हाणीघरात त्याने फरश्या बसवल्या, आणि म्हातारी म्हणाली की हा रंग तिने मागितलाच नव्हता.

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, आजी, ओली आहे म्हणून तशी दिसते. वाळली की तुमचाच रंग."

"वाळली की?"

"वाळली की मी सारागोसाच्या दुसऱ्या टोकाला."

देर्लिस हसला. आता सांगावं असं त्याला वाटलं. आधी पेला संपवला, सुरसुर ऐकवली.

"घे, तुझी पाळी."

तिकडून नळीचा आवाज आला. नेहमीपेक्षा थोडा लांब. आणि मग विल्फ्रिदो म्हणाला, "ग्रासियास."

डोंगर एकदम समोर उगवला. देर्लिसने ट्रक वळवला.

पुढे विल्फ्रिदो बोलत होता, बर्फाबद्दल, पुढच्या पंपाबद्दल. देर्लिस हं हं करत होता. इतक्या वर्षांत विल कधी ग्रासियास म्हणाला नव्हता. वडिलांच्या ट्रकात नाही, खेळात नाही. ती लाल अक्षरं त्यानेही वाचली असणार. कार्ड घेणं त्याला परवडत नसेल, किंवा कंटाळा आला असेल, किंवा दोन्ही. आणि तो सरळ सांगणारा माणूस नव्हता. आईचा झगासुद्धा त्याने बोगद्यात विचारला होता. त्याने घरच्या पद्धतीने सांगितलं. पुरे, मला आता नको.

उरलेल्या रस्त्यात देर्लिस एकटाच प्यायला, आवाज न करता. पाळी दिली नाही. विल्फ्रिदोनेही मागितली नाही.

ओंडके उतरवून झाल्यावर विल्फ्रिदो म्हणाला, "चल मिताई, रविवारी."

"हां," देर्लिस म्हणाला. त्याला वाटलं, हे उगीच आपलं सभ्यपणाने म्हणाला.

गर्दी : बंद

सोमवारी त्याने ओस्मारला नको म्हणून कळवलं. ओस्मारने कारण विचारलं नाही. काउंटरवर दोन ब्राझिलियन त्याच कार्डासाठी उभे होते.

एसी शुक्रवारी बसला. नोएलिया पहिल्या रात्री पांघरूण घेऊन झोपली, मुद्दाम.

पुढच्या रविवारी देर्लिसने कॉम्प्युटर लावला नाही. गार खोलीत पडून राहिला. झोप चांगली लागली, हे त्याने स्वतःशी मान्य केलं. फोन वाजला होता, पण तो पुढच्या खोलीत होता आणि एसीच्या आवाजात ऐकू आला नाही. नंतर पाहिला, विलचा होता. परत लावावा असं वाटलं. ज्याने पेला परत केला त्याच्यापुढे पुन्हा पेला धरायचा नसतो. त्याने लावला नाही.

आवृत्ती : नवी

त्याच्या पुढच्या रविवारी, खिडक्यांची दारं ओढलेली असताना, पुन्हा फोन वाजला. या वेळी नोएलियाने उचलला, दोन शब्द बोलली आणि आणून त्याच्या पोटावर ठेवला.

"तुझा भाऊ. तू मेलायस का विचारतोय."

"अरे कुठे आहेस तू?" विल्फ्रिदो म्हणाला. चित्रात त्याचा चेहरा नव्हता, छत दिसत होतं. फोन कुठेतरी आडवा पडला होता. "मागल्या रविवारी तासभर त्या पंपावर उभा राहिलो. आज पुन्हा. नव्या आवृत्तीत आलोय, तू दिसतच नाहीस."

"नव्या?"

"कार्ड घेतलं ना मी. इथल्या एकाकडून वापरलेलं. त्या दिवशी शेवटी सांगणार होतो, पण तू एकदम गप्प झालास. म्हटलं नोएलियाशी भांडलास वाटतं."

देर्लिस उठून बसला.

"तू ग्रासियास म्हणालास," तो म्हणाला.

"कधी?"

"पाळी दिली तेव्हा. प्यायलास आणि ग्रासियास म्हणालास."

छत तसंच राहिलं. मागून कसलातरी इंजिनाचा आवाज येत होता.

"मी म्हणालो?"

"हो."

"इथे सगळ्याला म्हणावं लागतं रे," विल्फ्रिदो हळू म्हणाला. "कॉफी दिली की म्हणायचं. दार धरलं की म्हणायचं. त्या म्हातारीने मला घराबाहेर काढलं तेव्हापण म्हणालो." मग थांबला. "त्या जर्मनासारखं झालं माझं."

"हो. तसंच."

"पप्पा असते तर मरेपर्यंत सांगत बसले असते."

"ते मेलेत."

"म्हणून वाचलो." मग तो म्हणाला, "आणि तू विचारलं नाहीस."

"ग्रासियास म्हटल्यावर विचारतं का कोणी?"

"नाही," विल्फ्रिदो म्हणाला. "नाही विचारत."

नोएलिया दारात उभी होती. हात बांधून भिंतीवरच्या एसीकडे बघत होती, जणू तो आत्ताच कोणीतरी उतरवून नेणार आहे.

"आता घेशील ना कार्ड?" विल्फ्रिदोने विचारलं.

"पैसे भिंतीवर लागलेत."

"किती थंड करतो?"

"नोएलिया पांघरूण घेते."

"मग राहू दे." फोन हलला. छत गेलं, कपाट गेलं, आणि एका पडद्यावर येऊन थांबलं. फोन कशालातरी टेकवून ठेवला होता, थोडा तिरका. पडद्यावर ट्रकची काच, काचेपलीकडे रस्ता. "दिसतंय का?"

दिसत होतं. हात न हलवता पाहिलं तर अगदी नीट दिसत होतं. कडेच्या झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, आणि ट्रक त्यांच्यावरून जाताना आतला डॅशबोर्ड उजळत होता, काळवंडत होता, उजळत होता. देर्लिसने या सावल्या कितीतरी वर्षांपूर्वी बंद केल्या होत्या. त्या इतक्या लांब पडतात हे तो विसरला होता.

"डावीकडे बघ," तो म्हणाला. "नदी असेल तिथे."

"मी चालवतोय. नदी तू बघ."

"मला तुझ्या डोळ्यांनीच दिसतंय, गाढवा."

"मग नदी नाही आज. बसलायस ना शेजारी? मग गप बस आणि काम कर तुझं."

देर्लिस स्वयंपाकघरात गेला. फोन बगलेत धरून थर्मास भरला, बर्फ टाकलं, पत्ती ठासली. परत येऊन गार खोलीत पलंगाच्या कडेला बसला आणि फोन उशीला टेकवला. नोएलिया दुसऱ्या बाजूने आत शिरली, पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"चालकाला आधी," देर्लिस म्हणाला. "घे, तुझी पाळी."

तिकडून नळीचा आवाज आला, लांब, शेवटच्या रिकाम्या सुरसुरीपर्यंत. मग काही नाही. ट्रक एका बोगद्यात शिरला आणि पडदा काळा झाला. इंजिनाचा आवाज चालू होता. देर्लिस वाट बघत राहिला. विल्फ्रिदो काहीच बोलला नाही.

देर्लिसने पुन्हा ओतलं.